मर्फी कुठले? आयरिश आडनावाचा माग काढताना

भाचीचं लग्न ठरल्याचा फोन आला तेव्हा माझ्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, पहिला प्रश्न विचारला तो ठरलेलाच. "कुठले गं ते?"

"कॉर्कचे."

"कॉर्क हा जिल्हा झाला. गाव कुठलं?"

नवऱ्या मुलाचं आडनाव मर्फी. गाव कुठलं हे त्यालाच नीट माहीत नव्हतं. पणजोबा 'मक्रूमच्या बाजूचे' होते, एवढंच तो सांगू शकला. आईला मर्फी म्हटलं की तोंडावर बोट ठेवलेलं बाळ आणि दिवाणखान्यातला रेडिओ आठवतो, त्यामुळे तिने लगेच विचारलं, "रेडिओवाले का?" तर नाही. ती कंपनी फ्रँक मर्फी या गृहस्थाने १९२९ मध्ये इंग्लंडात काढली. 'मर्फीज लॉ'वाले एडवर्ड मर्फी अमेरिकन हवाई दलातले इंजिनियर. कॉर्क शहरात १८५६ मध्ये दारूची भट्टी काढणारे मर्फी आणखी वेगळे. आयर्लंडमध्ये मर्फी म्हणजे आपल्याकडचे पाटील किंवा जाधव, देशातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. १८९० साली नोंदल्या गेलेल्या जन्मांत १,३८६ मुलं मर्फी होती. त्याखालोखाल १,२४२ केली.

मग शोध माझ्या गळ्यात पडला. त्या दीड वर्षात जे कळलं ते इथे क्रमाने मांडतो. उदाहरण मर्फीचं असलं तरी ओ'ब्रायन, केली, मॅकार्थी, कुणासाठीही वाट हीच आहे.

आधी आडनाव उलगडून घ्या

युरोपात वंशपरंपरेने चालणारी आडनावं सगळ्यात आधी जिथे रुजली त्या देशांत आयर्लंड आहे. दहाव्या-अकराव्या शतकात तिथे ती पडू लागली. 'मॅक' म्हणजे मुलगा, 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. मर्फीचं मूळ रूप 'ओ मुरखू', म्हणजे मुरखा नावाच्या माणसाचे वंशज. मुरखा या नावात 'समुद्र' आणि 'लढाई' असे दोन शब्द आहेत, म्हणून दर्यावर लढणारा असा अर्थ लावतात. अविवाहित मुलगी असेल तर 'ओ'चं 'नी' होतं आणि पुढचं अक्षरही बदलतं: 'नी वुरखू'. सोळाव्या-सतराव्या शतकापासून इंग्रजी अंमलात ही नावं इंग्रजी कानांना ऐकू आली तशी लिहिली गेली, आणि पुढे 'ओ' व 'मॅक' गळून पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेची चळवळ उभी राहिली तेव्हा अनेक सुलिव्हन पुन्हा ओ'सुलिव्हन झाले. मर्फींनी मात्र 'ओ' परत लावला नाही. अगदी तुरळक अपवाद.

इथेच बहुतेकजण फसतात. मुरखा हे त्या काळचं चलतीचं नाव. ते धारण करणारे अनेक पूर्वज वेगवेगळ्या ठिकाणी होऊन गेले आणि प्रत्येकाच्या मागे एक घराणं उभं राहिलं. आग्नेय किनाऱ्यावर वेक्सफर्डचे मर्फी, त्यांचा मुलूख बॅलाकीन बॅरनीत (बॅरनी म्हणजे आपला तालुका म्हणा). दक्षिणेत कॉर्कचे मर्फी. उत्तरेत टिरोन-आर्माकडचे मर्फी मुळात 'ओ' नव्हेतच, ते 'मॅक मुरखी'. पश्चिमेला कोनाख्ट प्रांतातही निराळी घराणी. यांना एका पूर्वजाची लेकरं मानणं म्हणजे सगळ्या मोऱ्यांना जावळीच्या चंद्ररावांच्या वंशात बसवण्यासारखं.

गोंधळ वाढवायला इतिहासही आहे. ११६६ मध्ये आयर्लंडच्या लेन्स्टर प्रांताच्या गादीवरून हाकलला गेलेला राजा डर्मट मॅकमरो याने इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीकडे मदत मागितली, ११६९ मध्ये नॉर्मन सरदार वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर उतरले आणि पुढचं सगळं रामायण घडलं. त्याच्याही नावात मुरखाच आहे. पण त्याचं घराणं पुढे कॅव्हना आणि किन्सेला या आडनावांनी चाललं. आडनावांच्या दुकानात मिळणाऱ्या, घराण्याचा इतिहास छापलेल्या गुंडाळीवर हा राजा सरसकट प्रत्येक मर्फीचा पूर्वज म्हणून दिसतो. ती गुंडाळी भिंतीवर लावायला ठीक आहे.

थोडक्यात, आडनावावरून प्रांताचा अंदाज येतो, गाव कळत नाही. गाव मागून, आजपासून उलटं जात शोधावं लागतं.

घरातली कागदं आणि 'टाउनलँड' हा शब्द

सुरुवात म्हाताऱ्या माणसांपासून करा. आयरिश कॅथलिक घरांत मयताच्या स्मरणार्थ छापलेली छोटी कार्डं प्रार्थनेच्या पुस्तकात हमखास सापडतात. त्यावर तारीख, वय आणि पुष्कळदा पत्ता असतो. विचारायच्या गोष्टी तीनच: चर्च कुठलं, आजी-पणजीचं माहेरचं आडनाव काय, आणि जमिनीचं नाव काय.

ही 'जमीन' म्हणजे टाउनलँड. नावात 'टाउन' असलं तरी त्याचा शहराशी संबंध नाही. आपली वाडी किंवा शिवार म्हणा, काही शेतं आणि चार-दहा घरं. आयर्लंडभर अशी साठ हजारांवर टाउनलँड आहेत. त्यांच्यावर नागरी पॅरिश, म्हणजे टाउनलँडांचा सरकारी गट, त्यावर बॅरनी, मग काउंटी, म्हणजे जिल्हा. याला आडवी छेदणारी आणखी एक रचना आहे, गरिबांच्या कायद्यासाठी आखलेले 'युनियन', आणि जन्म-मृत्यूची नोंदणी त्या हद्दींवर चालते. कॅथलिक चर्चची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख, पुन्हा तिसरीच. तेव्हा पहिल्याच दिवशी एका कागदावर आपल्या गावाच्या या सगळ्या हद्दी लिहून भिंतीवर चिकटवा. आमचा कागद असा होता: काउंटी कॉर्क, युनियन मक्रूम, बॅरनी पश्चिम मस्करी. हो, मस्करीच. आईला वाटलं मी थट्टा करतोय.

स्थलनामांचा सरकारी कोश 'लॉगनम डॉट आयई' इथे फुकट बघता येतो. त्यात आयरिश रूप, अर्थ आणि नकाशा मिळतो. 'किलमरी' म्हणजे मेरीचं चर्च, आणि अशी किलमरी देशभर विखुरलेली आहेत. 'बॅलिमर्फी' म्हणजे मर्फींची वाडी. ती कार्लोत आहे, बेलफास्टमध्येही आहे. नाव जुळलं म्हणून तेच आपलं गाव असं धरून चालू नका.

१९११ आणि १९०१ ची जनगणना

हातात नाव आणि साधारण भाग आला की थेट आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर जा. १९०१ आणि १९११ या दोन्ही जनगणना संपूर्ण शिल्लक आहेत आणि पैसे न देता बघता येतात. तेही घरमालकाने स्वतःच्या हाताने भरलेला तक्ता, मूळ चित्रासह. १९२६ ची जनगणना शंभर वर्षं बंद ठेवण्याचा नियम होता, त्यामुळे तिची मुदत एप्रिल २०२६ ची.

तक्त्यात नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, वय, धंदा, जन्माची काउंटी आणि आयरिश भाषा येते का हे असतं. १९११ मध्ये बाईला जास्तीचे प्रश्न आहेत: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, आज किती हयात आहेत. 'अकरा, सात' असे दोन आकडे शेजारी वाचताना थांबायला होतं. जोडीला घराचा तक्ता बघा. तो पोलीस शिपायाने भरलेला असायचा. भिंती कशाच्या, छप्पर गवताचं की स्लेटचं, समोर खिडक्या किती, सगळं त्यात येतं.

वयावर विश्वास ठेवू नका. १९०१ मध्ये ५६ वर्षांचा माणूस १९११ मध्ये ७१ चा झालेला दिसेल. मध्ये जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना वृद्धापकाळाचं पेन्शन सुरू झालं होतं! काहींनी वय वाढवलं हे खरंच, पण अनेकांना आपलं वय मुळात ठाऊकच नव्हतं. आणखी एक युक्ती: भाषेच्या चळवळीतल्या काही घरांनी अख्खा तक्ता आयरिशमध्ये भरला. मर्फी सापडत नसेल तर 'ओ मुरखू'ची आयरिश स्पेलिंगंही टाकून बघा.

याच्या मागच्या जनगणना कुठे गेल्या? १८६१ आणि १८७१ च्या मूळ तक्त्यांचा सरकारनेच आकडेवारी काढून झाल्यावर नाश केला. १८८१ आणि १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगदा करायला गेले. १८२१ ते १८५१ चे डब्लिनच्या 'फोर कोर्ट्स'मधल्या अभिलेखागारात होते, ते यादवी युद्धात ३० जून १९२२ च्या स्फोटात आणि आगीत जळाले. अगदी थोडे तुकडे उरले. त्यामुळे आयरिश शोधात तुम्ही सतत एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू वापरत असता. हे एकदा मनाने मान्य केलं की चिडचिड कमी होते.

जन्म, लग्न, मृत्यू: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

बिगर-कॅथलिक लग्नांची सरकारी नोंद १८४५ पासून आणि सगळ्यांच्या जन्म-लग्न-मृत्यूची १८६४ पासून आहे. 'आयरिशजिनिऑलॉजी डॉट आयई' या सरकारी संकेतस्थळावर शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्नं आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू मूळ वहीच्या पानासह फुकट दिसतात. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्यांसाठी बेलफास्टचं निबंधक कार्यालय वेगळं आहे, तिथे पैसे मोजावे लागतात.

जन्माच्या ओळीत डावीकडून उजवीकडे जा. तारीख आणि जागा, मुलाचं नाव, बापाचं नाव आणि राहण्याची जागा (हीच टाउनलँड), मग आईचं नाव आणि माहेरचं आडनाव. शेवटी खबर देणाऱ्याची सही. तिथे पुष्कळदा फुलीचा अंगठा आणि 'जन्माच्या वेळी हजर' असा शेरा असतो. ही हजर बाई म्हणजे बहुधा आजी, मावशी किंवा शेजारीण. तिचं नाव टिपून ठेवा, पुढे उपयोगी पडतं. जन्मतारखेवर फार भिस्त नको. उशिरा नोंद केली तर दंड होता, म्हणून तारीख पुढे सरकवलेली असायची. बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसला तर दचकू नका.

मर्फींच्या गर्दीत वेगळेपणा आणतं ते आईचं माहेर. जेम्स मर्फी डझनांनी मिळतील. पण जेम्स मर्फी, आई ट्वोमी, अमुक टाउनलँड, असा एकच.

लग्नाची ओळ त्याहून मोलाची, कारण तिच्यात दोन्ही बापांची नावं आणि धंदे असतात. १८७० च्या एका लग्नाने तुम्ही शतकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या दोन माणसांपर्यंत पोचता. लग्न सहसा नवरीच्या पॅरिशमध्ये शोधायचं. आणि महिना? खेड्यांत लग्नसराई लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, आधी असायची, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीची पानं आधी उघडा.

आता माझी चूक सांगतो. जनगणनेत भाचीच्या नवऱ्याच्या खापरपणजीचं नाव 'ॲबिगेल' होतं. तिच्या मुलांचे जन्म शोधताना एक अगदी जुळणारी नोंद आली: बाप तोच, टाउनलँड तीच, पण आई 'गॉबनेट'. मी ती बाजूला टाकली. बायको दुसरी, म्हणजे माणूस दुसरा. मग तीन आठवडे एका भलत्याच जेम्सच्या मागे दोन पॅरिश पलीकडे भटकलो आणि त्याच्या आजोबांपर्यंत पोचलोसुद्धा. शेवटी मक्रूमकडच्या एका वयस्क बाईंनी हसत सांगितलं की गॉबनेटला इंग्रजीत ॲबिगेल लिहायची तिकडे रीतच होती. कुठे ॲबी, कुठे ॲबिना, कुठे चक्क डेबोरा.

अशी जोडनावं बरीच आहेत आणि ती ठाऊक नसतील तर मनुष्य समोर असून दिसत नाही. जेरमाया म्हणजेच डार्बी, मूळ डर्मट. टिमथी म्हणजे थेडी, मूळ टाइग. कॉर्नेलियस म्हणजे कॉन, मूळ कोनोर. होनोरा, नोरा, हॅना एकच असू शकतात. जोहॅना, जुडिथ, जुलिया यांची तर सरमिसळच. आवाज सारखा किंवा पाद्र्याला सोयीचा वाटला की झालं.

चर्चच्या वह्या

१८६४ च्या मागे कॅथलिक पॅरिशच्या नोंदवह्या हाच मुख्य आधार. राष्ट्रीय ग्रंथालयाने साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांची छायाचित्रं २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. शहरांत काही वह्या अठराव्या शतकापासून आहेत, पश्चिमेकडच्या गरीब पॅरिशमध्ये १८२०-५० पर्यंत सुरूच झालेल्या नाहीत. अक्षर लागत नाही, शाई फिकी, आणि नावं लॅटिनमध्ये: जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. शोधसूची व्यावसायिक वंशावळीच्या संकेतस्थळांवर आहे, पण सूचीवर थांबू नका. पान उघडून आधीची-नंतरची दोन-चार पानं वाचा. बाप्तिस्म्याला दोन साक्षीदार, म्हणजे धर्ममाता-धर्मपिता, असतात. ते बहुतेक काका-मामा-आत्या. सहा भावंडांचे बारा साक्षीदार मांडले की घरचा गोतावळाच उभा राहतो.

नावं ठेवण्याची पद्धत आपल्याला परकी वाटणार नाही. थोरल्याला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. मुलींना आज्यांची. नियम नव्हे, पण अंदाज बांधायला उत्तम.

आयर्लंडचा सातबारा

सातबारा आणि फेरफार बघून वाढलेल्या माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटतं. १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली सगळ्या देशातल्या जमिनी-घरांचं मूल्यांकन झालं. त्याला ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन म्हणतात. टाउनलँडवार कसणाऱ्याचं नाव, त्याला जमीन देणारा, घर-जमिनीचं वर्णन, क्षेत्र आणि आकारणी. फुकट मिळतं, नकाशासकट. वर्णनात 'हाउस, ऑफिस अँड लँड' वाचून खापरपणजोबांचं कार्यालय होतं अशी समजूत करून घेऊ नका. ऑफिस म्हणजे गोठा किंवा कोठार.

एका टाउनलँडमध्ये तीन जॉन मर्फी असतील तर कारकुनाने खुणा केलेल्या असतात: 'जॉन मर्फी (जेम्स)', म्हणजे जेम्सचा जॉन. कुठे 'थोरला', कुठे 'तांबडा', कुठे 'गोरा'. कॉर्क-केरीत ही उपनावं इतकी पक्की की आजही फाट्यावर मर्फी विचारलात तर उलट प्रश्न येतो, कुठले मर्फी? मूल्यांकनानंतर जमीन हातोहात गेली तसे बदल फेरनोंदींच्या वह्यांत वेगवेगळ्या रंगांच्या शाईने केलेले आहेत. बापाचं नाव खोडून मुलाचं लिहिलं, शेजारी वर्ष. आमच्या तलाठ्याच्या वहीपेक्षा सुवाच्य, एवढंच म्हणतो.

त्याच्या मागे १८२३ ते १८३७ च्या टाइद वह्या. अँग्लिकन चर्चला शेतीवर द्यावा लागणारा हा कर कॅथलिकांनाही चुकत नसे. यात फक्त शेती धारण करणारे येतात. मजूर नाहीत, शहरं नाहीत. गरीब कुळांचा शोध बहुतेक इथेच संपतो आणि त्यात कमीपणा नाही. सतराव्या शतकातल्या १६५९ च्या यादीत बॅरनीवार मुख्य आयरिश आडनावांची मोजदाद आहे. तिचा उपयोग आडनावाचा पसारा बघायला, आपला माणूस शोधायला नव्हे.

पूर्वज देश सोडून गेला असेल तर

उलटा क्रम: तो जिथे गेला तिथले कागद आधी संपवा. अमेरिकेच्या जहाजयाद्यांत बहुधा 'आयर्लंड' एवढंच असतं. थडग्याचे दगड, चर्चमधलं लग्न, वर्तमानपत्रातली मृत्युवार्ता इथे गाव सापडतं. बॉस्टनच्या 'पायलट' या पत्रात १८३१ ते १९२१ हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती येत. त्यांत काउंटी आणि पॅरिशसुद्धा असे.

आपल्याकडे पुणे, खडकी, देवळाली, मुंबई इथल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांत आयरिश आडनावं आहेत ती बहुतांशी फौजेतून आलेली. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या सैन्यात आयरिश शिपाई भरपूर. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत 'इंडिया ऑफिस'च्या दप्तरात 'एन-३' या मालिकेत आहेत. शिपायाच्या भरतीच्या कागदावर 'अमुक पॅरिश, अमुक शहराजवळ, अमुक काउंटी' असं छापील वाक्य भरलेलं असतं. ते मिळालं की पुढची वाट वर सांगितली तीच.

डीएनए आणि ढाल-तलवारी

पुरुषाचं वाय-गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावाच्याच वाटेने. कॉर्कचे मर्फी की वेक्सफर्डचे, हे ठरवायला त्याची चाचणी कामाची, पण कागदावरचं घराणं तयार असल्यावरच. नुसती चाचणी करून आलेल्या यादीत आडनावांचा बाजार असतो, त्याने डोकं फिरतं.

आणि 'मर्फींचं राजचिन्ह' छापलेला कप विकत घेऊ नका असं मी म्हणत नाही. फक्त ते चिन्ह एका विशिष्ट माणसाला आणि त्याच्या वंशजांना दिलेलं असतं, आडनावाला नव्हे.

आमच्या मर्फींची टाउनलँड शेवटी मक्रूमच्या पश्चिमेला सापडली. आईला फोन केला, नाव सांगितलं, नकाशा पाठवला. तिचं समाधान झालं असेल असं वाटलं तोच प्रश्न आला, "आणि दैवत?"

यावेळी उत्तर तयार होतं. खापरपणजीचं नावच तर उत्तर होतं. बॅलिव्हर्नीची संत गॉबनेट, मधमाश्यांची राखणदार. ११ फेब्रुवारीला तिचा दिवस. लोक तिच्या स्थानाभोवती प्रार्थना म्हणत फेऱ्या घालतात, जुन्या लाकडी मूर्तीला रिबीन लावून मापून घेतात आणि ती वर्षभर घरात ठेवतात.

"प्रदक्षिणा उजवीकडून ना?" आईने विचारलं.